नाव सगळ्यात शेवटी वाचा: नाशिकच्या जुन्या वह्या-दप्तरांतली पूर्वजांची नावं कशी उलगडायची

जुन्या नोंदीसमोर बसलेला जवळजवळ प्रत्येक जण आधी नाव शोधतो आणि तिथेच अडकतो. नाव हा नोंदीतला सगळ्यात अवघड भाग असतो. बाकीचा मजकूर ठरावीक असतो: महिना, तिथी, गाव, तालुका, 'राहणार', 'पुत्र', 'बंधू'. हे शब्द पानोपानी येतात, त्यामुळे एका ठिकाणी नाही कळले तर दुसऱ्या ठिकाणी कळतात. नाव एकदाच येतं, भरभर लिहिलेलं असतं आणि त्याचा अंदाज मागच्या-पुढच्या वाक्यावरून बांधता येत नाही. त्यातून आपल्याला ते नाव अमुकच निघावं अशी ओढ असते. म्हणून माझा पहिला आणि शेवटचा आग्रह हाच: लिहिणाऱ्याचा हात आधी ओळखा, ठरावीक शब्द आधी वाचा, नावाकडे सगळ्यात शेवटी या.

खाली जे सांगतो आहे ते नाशिक आणि आसपासच्या तालुक्यांतल्या कागदांना धरून आहे. पद्धत मात्र कुठल्याही जिल्ह्याला चालेल.

घरातून निघण्याआधी

एका कोऱ्या कागदावर घरात माहीत असलेली सगळी नावं लिहून काढा. फक्त 'तुकाराम' लिहून थांबू नका. त्यांना घरात काय म्हणत, गावात काय म्हणत, भावकीत काय म्हणत, तेही लिहा. तुकाराम कागदावर तुका, तुकोबा, तुकाजी, तुकारामपंत यांपैकी काहीही असू शकतो. आज्या, आत्या, चुलत्या यांना आवर्जून विचारा. बायकांचं माहेरचं नाव आणि माहेरचं गाव पुरुषांना बहुधा सांगता येत नाही, आणि नोंद ताडून पाहताना नेमकं तेच कामाला येतं. मूळ गाव, कुलदैवत, गावात घर कुठल्या गल्लीत होतं, शेताला काय नाव होतं हेही टिपा. फेरफाराच्या, म्हणजे जमिनीचा हक्क बदलल्याच्या, नोंदीत माणसाचं नाव पुसट असलं तरी शेताचं नाव स्वच्छ वाचता येतं, असं पुष्कळदा होतं.

'मूळ गाव' म्हणजे आज तुम्ही राहता ते नव्हे. सिडकोत किंवा इंदिरानगरात दोन पिढ्या राहिलेल्या घराचं मूळ गाव निफाड, सिन्नर, चांदवड, कळवण असं कुठेतरी असतं. तीर्थोपाध्यायांच्या, म्हणजे तीर्थाच्या ठिकाणच्या पुरोहितांच्या, वह्या गावावरून आणि आडनावावरून लावलेल्या असतात, त्यामुळे गाव चुकलं तर वहीच चुकते.

जिल्ह्याचंही लक्षात ठेवा. नाशिक हा स्वतंत्र जिल्हा १८६९ साली झाला. त्याआधीच्या कागदांत तुमचं गाव अहमदनगर किंवा खानदेशाखाली दिसलं तर गोंधळून जाऊ नका. शहराचं नाव 'नासिक' असं लिहिलेलं सर्रास सापडेल, आणि मोगलाईतल्या कागदांत 'गुलशनाबाद'.

कोणता कागद काय सांगतो

पंचवटीत रामकुंडाच्या परिसरात आणि त्र्यंबकेश्वरी तीर्थोपाध्यायांच्या घरी वंशावळीच्या वह्या असतात. अस्थिविसर्जन, श्राद्ध, सिंहस्थाचं स्नान, त्र्यंबकला नारायण नागबळी अशा निमित्तांनी आलेल्या यजमानाचं नाव, बापाचं, आजाचं, भावांचं, मुलांचं, चुलत्यांचं नाव त्यात उतरवलेलं असतं. पुष्कळ नोंदींखाली यजमानाची स्वतःची सही असते. एका बैठकीत तीन-चार पिढ्या मिळवून देणारा दुसरा कागद मला माहीत नाही.

या वह्या उपाध्यायांच्या घरच्या आहेत. त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पुरापासून, वाळवीपासून जपलेल्या आहेत. तेव्हा आदराने विचारा, दक्षिणा द्या, फोटो काढण्याआधी परवानगी घ्या. आणि पहिलं वाचन त्यांनाच करू द्या. त्यांच्या आजोबा-पणजोबांचं वळण त्यांच्या डोळ्यांत बसलेलं असतं. आपल्याला जी ओळ काळी रेघ दिसते ती ते सहज वाचून दाखवतात. ते वाचत असताना मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून ठेवा, घरी आल्यावर फोटोशी ताडून पाहता येतो. निघताना आपल्या कुटुंबाची नवी नोंद लिहाल तेव्हा सुटं, ठसठशीत अक्षर काढा, सुनांची माहेरची आडनावं घाला आणि नुसत्या सहीवर भागवू नका.

दुसरा मोठा साठा तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असतो. गाव नमुना १४, म्हणजे गावची जन्म-मृत्यूची नोंदवही, लोक तिला 'कोतवाल बुक' म्हणतात. इथे एक गोष्ट आधीच मनाशी ठरवून जा: जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव बहुधा नसतंच. नोंद बारशाआधी व्हायची, त्यामुळे 'मुलगा' किंवा 'मुलगी' एवढंच लिहून बापाचं नाव दिलेलं असतं. तेव्हा आजोबांचं नाव शोधत पानं उलटण्यापेक्षा पणजोबांचं नाव शोधा. मृत्यूच्या नोंदीत आजाराचा रकाना असतो. पटकी, देवी, ताप, हगवण, गाठीचा ताप हे शब्द पुन्हा पुन्हा येतात, म्हणून लिहिणाऱ्याचं वळण शिकायला हा रकाना उत्तम. खबर देणाऱ्याचं नाव वेगळ्या रकान्यात असतं. ते मयताचं समजून वंशावळीत घालणारे लोक मी पाहिले आहेत.

जमिनीच्या कागदांत सातबारा, फेरफार, पाहणी पत्रक, हक्क नोंदणी हे सगळं येतं. हक्क नोंदणीचा मुंबई इलाख्यातला कायदा १९०३ चा, त्यामुळे साधारण त्यानंतर वारसांच्या नोंदी नीट साखळीने मिळतात. मी स्वतः फेरफाराला फार मानतो. 'अमुक मयत, वारस मुलगे अमुक, अमुक, विधवा अमुक' असं एकाच नोंदीत सगळं घर उभं राहतं. नाशिक जिल्ह्यातले बरेच जुने कागद स्कॅन होऊन 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर आहेत. तिथे नसेल तर तहसीलला नकलेचा अर्ज करायचा.

शाळेचं जनरल रजिस्टर वाचायला सगळ्यात सोपं, कारण मास्तरांचं अक्षर. पण त्यातली '१ जून' ही जन्मतारीख शब्दशः घेऊ नका. तारीख माहीत नसलेल्या कित्येक मुलांना ती शाळेनेच दिलेली आहे.

शरणपूरच्या मिशनशी ज्यांच्या घराण्याचा संबंध आहे त्यांना चर्चची बाप्तिस्म्याची आणि लग्नाची रजिस्टरं पाहावी लागतील. ती इंग्रजीत, अक्षराला अक्षर जोडून लिहिलेल्या वळणाची असतात, आणि मराठी नाव साहेबाच्या कानाला जसं ऐकू आलं तसं उतरवलेलं असतं. अशी नावं मोठ्याने उच्चारून पाहावीत, डोळ्यांपेक्षा कान लवकर ओळखतो.

फोटो असा काढा की घरी वाचता येईल

फ्लॅश बंद ठेवा. खिडकीपाशी, एका बाजूने उजेड येईल असं पान धरा. तिरप्या उजेडात बोरूच्या किंवा टाकाच्या टोकाने कागदावर पडलेली चर दिसते, आणि शाई उडालेली असली तरी ती चर उरलेली असते. आधी पूर्ण पान, मग नोंद, मग नावाची ओळ असे तीन फोटो. शेजारच्या दोन-चार नोंदींचेही फोटो घ्या. लोक इथे कंटाळा करतात आणि घरी आल्यावर हळहळतात, कारण अडलेलं अक्षर सुटतं ते शेजारच्या नोंदीवरून. वहीचा क्रमांक, पान, गाव, रजिस्टरचं वर्ष हे सगळं त्याच वेळी टिपून ठेवा.

घरी आल्यावर फोटो कृष्णधवल करा, कॉन्ट्रास्ट वाढवा, रंग उलटे करून पाहा. काळ्यावर पांढरी दिसणारी अक्षरं कधीकधी चटकन उठून येतात. मूळ कागदाला मात्र काहीही करायचं नाही: बोट फिरवायचं नाही, पेन्सिलने खूण करायची नाही, पुसट अक्षर उठावं म्हणून ओलं बोट तर मुळीच लावायचं नाही.

आधी ठरावीक शब्द वाचा

आता फोटो समोर ठेवा आणि नावाची ओळ हाताने झाका. खरंच झाका. बाकीच्या मजकुरात पहिल्यांदा संक्षेप दिसतील. जुन्या लिखाणात शब्दाचं पहिलं अक्षर लिहून पुढे दोन उभ्या रेघा किंवा छोटं शून्य काढायची रीत होती. मौ॥ म्हणजे मौजे, क॥ म्हणजे कसबे, मु॥ म्हणजे मुक्काम, सा॥ म्हणजे साकिन, म्हणजेच राहणार. चि॥ चिरंजीव, कै॥ कैलासवासी, सौ॥ सौभाग्यवती, गं. भा. गंगाभागीरथी म्हणजे विधवा. रा. रा. म्हणजे राजमान्य राजश्री. हा नावाचा भाग नाही, पण 'रारा' असं एकत्र लिहिलेलं असलं की नवखा माणूस पुढचं नाव 'रा'पासून सुरू करतो. शु॥ आणि व॥ म्हणजे शुद्ध आणि वद्य पक्ष. द॥ म्हणजे दस्तुर, त्यापुढे येतं ते लिहिणाऱ्याचं नाव; 'दस्तुर खुद्द' असेल तर ज्याची नोंद त्याचाच हात. जमिनीच्या कागदांत अ. पा. क. म्हणजे अज्ञान (वयात न आलेल्या) मुलाचा पालनकर्ता आणि ए. कु. मॅ. म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. 'फौत' आणि 'मयत' दोन्हींचा अर्थ वारलेला. सहीच्या जागी 'निशाणी नांगर' किंवा 'निशाणी बांगडी' असं दिसलं तर त्या माणसाला सही येत नव्हती आणि खुणेवर भागवलं होतं एवढंच. तेव्हा 'नांगर'ला आडनाव समजू नका.

मग गावाचं नाव. ते तुम्हाला आधीच माहीत आहे, म्हणून त्यातलं प्रत्येक अक्षर फुकटात हाती येतं. 'निफाड' वाचता आलं की या माणसाचा न, फ, ड आणि वेलांटी कळली. 'कार्तिक' मिळालं की क, त आणि रफार.

हाताचा तक्ता तयार करा

या पायरीला वेळ द्या. जो तास इथे जातो तो पुढे वाचतो.

कागदावर बाराखडीच्या क्रमाने रकाने आखा. निश्चित वाचलेल्या प्रत्येक शब्दातलं अक्षर जसं दिसतं तसं, हाताने नक्कल करून, त्या रकान्यात काढा. छापील तक्त्यावरून अक्षर ओळखायचा प्रयत्न करू नका. तक्ता तुमच्या लेखकाचा हवा. ब च्या पोटातली रेघ तो देतो का? म ची गाठ आणि भ ची गाठ कुठे वेगळी पडते? उकार अक्षराला चिकटवतो की खाली सुटा सोडतो? काना आखूड काढतो का? ळ आणि ल वेगळे दिसतात का? हाताने नक्कल काढली की पेन कुठून निघालं आणि कुठे वळलं ते कळतं. नुसतं बघून ते कळत नाही.

बाळबोध लिपीत, म्हणजे आपल्या नेहमीच्या देवनागरीत, हमखास फसवणाऱ्या जोड्या अशा: ब आणि व, भ आणि म, घ आणि ध, थ आणि य, प आणि ष, ड आणि ह, ट आणि द. 'र' आणि 'व' जवळ आले की 'ख' दिसतो, म्हणून 'रवजी'चा 'खजी' होतो. खरा त्रास तेव्हा होतो जेव्हा दोन्ही वाचनं खरी नावं असतात. बाळू आणि वाळू दोन्ही नावं आपल्याकडे आहेत. सदू आणि सटू दोन्ही आहेत. आडनावांत तर आणखी जपावं लागतं: पगार आणि पवार, पगार आणि पगारे, बोरसे आणि बोरस्ते, आहेर आणि अहिरे, मोरे आणि गोरे. ही सगळी नाशिक पट्ट्यात राहणारी वेगवेगळी कुळं आहेत. एक मात्रा इकडची तिकडे झाली की तुम्ही दुसऱ्याच्या भावकीत जाऊन बसता. अशा जागी अंदाज चालत नाही. त्याच हाताने लिहिलेला निर्विवाद 'ग' आणि निर्विवाद 'व' शोधायचा, दोन्ही शेजारी ठेवायचे, मग ठरवायचं. सापडला नाही तर ठरवायचं नाही.

पान मोडीत असेल तर

विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांपर्यंतच्या पुष्कळ नोंदी मोडीत, म्हणजे मराठीच्या जुन्या, भरभर लिहायच्या लिपीत सापडतील. घाबरून जाण्याचं कारण नाही, पण दोन दिवसांत येईल अशीही अपेक्षा ठेवू नका. पुराभिलेख संचालनालयाकडून मोडीचे वर्ग घेतले जातात, पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेत जुन्या कागदांची परंपराच आहे, आणि २०१४ पासून मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाल्याने सरावासाठी फॉन्टही मिळतात. स्वतः पूर्ण शिकणार नसाल तरी पुढच्या चार गोष्टी माहीत असल्या म्हणजे वाचकाने दिलेलं लिप्यंतर तुम्हाला तपासता येईल.

पहिली, मोडीत आधी पूर्ण ओळीची शिरोरेषा ओढायची आणि मग अक्षरं तिला लटकवत जायची. म्हणून शब्द सुटे दिसत नाहीत. कुठे तोडायचं ते वाचणाऱ्याने ठरवायचं.

दुसरी, ऱ्हस्व-दीर्घ भेद नाही. इकाराची एकच खूण, उकाराची एकच. लिप्यंतरात 'सीवराम' किंवा 'धोंडु' आलं म्हणून तो वेगळा माणूस होत नाही.

तिसरी, अनुस्वार बिनदिक्कत गाळलेले असतात. 'गगाराम' म्हणजे गंगाराम, 'खडु' म्हणजे खंडू, 'पाडुरग' म्हणजे पांडुरंग. श आणि स यांची अदलाबदल नेहमीची, म्हणून 'सिदे' हे शिंदे असू शकतात.

चौथी नाशिककरांना विशेष उपयोगी. शब्दाच्या सुरुवातीचा 'ए' बहुधा 'ये' असा आणि 'ओ' बहुधा 'वो' असा लिहिलेला असतो. एकनाथ 'येकनाथ' होतो, एकलहरे 'येकलहरे' होतं, ओझर 'वोझर' होतं. ही सवय बाळबोध लिखाणातही आहे. सूचीत 'ओ'खाली ओझर नाही म्हणून निराश होऊन परतू नका, 'व'खाली बघा. यशवंत 'येशवंत' असाही लिहिलेला सापडेल.

नाव कुठे तुटतं

आता नावाच्या ओळीवरचा हात काढा. पहिल्यांदा जोडशब्द शोधा. 'बिन' आणि 'वल्द' (किंवा 'वलद') म्हणजे अमुकचा मुलगा. 'कोम', 'जौजे', 'भ्रतार' हे बाईच्या नावापुढे नवऱ्याचं नाव आणतात. हे शब्द सापडले की नावाचे तुकडे आपोआप पडतात.

नमुन्यासाठी एक नोंद रचून दाखवतो. सलग लिहिलेली ओळ अशी दिसते:

'मौ॥वोझरता॥निफाडकोंडीबाबिनराघोपगारपुत्रखडुबंधुधनामातोश्रीरखमाबाई'

नवखा माणूस इथे 'कोंडी' वाचतो, थांबतो आणि 'बाबिन' हे काय आडनाव म्हणून डोकं खाजवतो. 'बिन' आधी वेगळं काढलं तर उरतं 'कोंडीबा' आणि 'राघो'. 'पुत्र', 'बंधु', 'मातोश्री' वेगळे काढले तर सगळी ओळ उलगडते: मौजे ओझर, तालुका निफाड, कोंडीबा, राघोचा मुलगा, आडनाव पगार, मुलगा खंडू, भाऊ धना, आई रखमाबाई. त्यातला 'धना' हा 'घना' नाही ना, 'पगार' हे 'पवार' नाही ना, एवढे दोनच प्रश्न उरतात, आणि त्यांची उत्तरं तक्त्यात मिळतात. 'निफाड'मधला न शेजारी ठेवून 'धना'मधला न ताडता येतो. ध साठी मात्र दुसरीकडे बघावं लागेल. शेजारच्या नोंदीत 'धोंडू' किंवा 'माधव' सापडेलच.

आडनाव नसेल तर दचकू नका. जुन्या नोंदींत माणूस बापाच्या नावाने, गावाच्या नावाने किंवा 'पाटील', 'कुलकर्णी' अशा वतनाच्या नावाने ओळखला जाई. एका पिढीत पाटील, पुढच्या पिढीत कुळाचं आडनाव, शहरात आल्यावर गावावरून पडलेलं '-कर' आडनाव, असं एकाच घराण्यात घडलेलं दिसतं.

नाव अशक्य वाटलं तर

केरू, कचरू, दगडू, धोंडू, चिंधू, भिका. नातवंडांना ही नावं वाचताना संकोच होतो आणि मन 'केरू'चा 'केशव' करायला बघतं. तसं करू नका. आधीची मुलं दगावली की पुढच्याला कुणाची नजर लागू नये म्हणून मुद्दाम असं नाव ठेवत. त्या नावामागे एका आईबापाने सोसलेलं काहीतरी आहे. ते जसं आहे तसंच उतरवलं पाहिजे. कधीकधी मृत्यूच्या रजिस्टरात त्याच बापाच्या नावाखाली आधीच्या एक-दोन वर्षांत गेलेली लेकरं सापडतात आणि नाव बरोबर वाचलं याची खात्रीही होते.

या भागात पुंजा, लहानू, कारभारी, वाळू ही नावं खूप. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता ही भावंडांची नावं एकाच घरात मिळतात. निवृत्तिनाथांची समाधी त्र्यंबकेश्वरी आहे, तेव्हा त्यात नवल नाही. एकाचं नाव निवृत्ती निश्चित झालं तर पुसट 'सो…न' म्हणजे सोपान असण्याची शक्यता वाढते. शक्यताच म्हणायचं, पुरावा नव्हे.

आजाचं नाव नातवाला ठेवायची रीत तर सगळीकडेच. म्हणून 'धोंडू बिन तुकाराम' आणि 'तुकाराम बिन धोंडू' आलटून पालटून येतात आणि दोन पिढ्यांची गुंतावळ होते. इथे नावाने काही सुटत नाही. बायकोचं नाव, भावांची नावं आणि साल पाहावं लागतं. बाईच्या बाबतीत लग्नानंतर नाव बदललेलं असणार हे धरूनच चाला: शाळेतली गोदावरी ही फेरफारातली सीताबाई असू शकते, आणि तो दुवा सांगणारा कागद बहुधा सापडत नाही. म्हणूनच घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारायला मी आधी सांगितलं.

सालाने नावाचा पडताळा

शके असेल तर इसवी सन काढायला चैत्रापासून पौषाच्या सुमारापर्यंत ७८ मिळवा. जानेवारी उलटल्यानंतरच्या, म्हणजे माघ-फाल्गुनाच्या नोंदीला ७९. फसली साल (जुनं महसुली वर्ष) असेल तर दख्खनी हिशेबाने ५९०, आणि ते मृगाला, जूनच्या पहिल्या आठवड्यात बदलतं, तेव्हा पुढच्या जानेवारीपासून ५९१.

आकडेही फसवतात: १ आणि ९, ३ आणि ६, ४ आणि ५. इथे संवत्सराचं नाव फार मोलाचं. समजा शके १८०३ की १८०६ हे कळत नाही. पुढे 'वृष नाम संवत्सर' असेल तर १८०३, म्हणजे १८८१-८२. 'तारण' असेल तर १८०६, म्हणजे १८८४-८५. साठ संवत्सरांची यादी कुठल्याही पंचांगात मिळते, जवळ ठेवा. नोंदीत 'सिंहस्थ' शब्द असेल तरीही साल आवळता येतं, कारण तो साधारण बारा वर्षांनी येतो. अलीकडचे १९८०, १९९१, २००३ आणि २०१५ चे. १९८० नंतरचा अकराव्या वर्षी आला हे बघा आणि बाराचा पाढा डोळे मिटून मागे लावत जाऊ नका.

साल ठरलं की नाव तपासा. १८८१ साली मुलाचा बाप असलेला माणूस १९५५ च्या फेरफारात सही करणारा असेल का, हा साधा हिशेब कितीतरी चुकीची वाचनं दूर करतो.

उतरवताना

दोन ओळी लिहा. पहिल्या ओळीत दिसतं ते, जसंच्या तसं: 'कोंडीबा बिन राघो प[ग]ार, पुत्र खडु'. दुसऱ्या ओळीत तुमचं वाचन: 'कोंडीबा राघो पगार, मुलगा खंडू'. संशयाचं अक्षर चौकटी कंसात, अजिबात न लागलेल्या अक्षराच्या जागी टिंबं, आणि दुसरं शक्य वाचन समासात. पहिली ओळ कधीही सुधारायची नाही. तुमचा अर्थ उद्या चुकीचा ठरला तरी पुढच्याला पुन्हा कागदापर्यंत जावं लागू नये.

मग तो कागद बाजूला ठेवा आणि दोन-चार दिवसांनी, पहिलं वाचन न पाहता, पुन्हा वाचा. शक्य असेल तर घराण्याशी संबंध नसलेल्या माणसाला दाखवा. त्याला 'हे पगारच आहे ना?' असं विचारू नका, 'काय दिसतं?' एवढंच विचारा.

हे मी इतकं ठासून सांगतो त्याला कारण आहे. २०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध जोरात सुरू झाला, आणि आज पुष्कळ लोक जुनी रजिस्टरं उघडतात ती एका, जातीच्या, रकान्यासाठी. गरज खरी आहे, लोकांच्या मुलांचं शिक्षण त्यावर अडलेलं आहे. म्हणूनच तो रकाना सगळ्यात थंड डोक्याने वाचायला हवा. 'कु॥' एवढंच लिहिलेलं असेल तर त्याच रजिस्टरात, त्याच हाताने, ते पूर्ण कुठे लिहिलंय ते शोधा. 'कुंभार' हाही 'कु'नेच सुरू होतो. रकान्यात 'सदर', 'किता' (म्हणजे वरच्याप्रमाणेच) किंवा नुसती खूण असेल तर ती कुठल्या नोंदीपासून चालत आली ते पान मागे उलटून बघा आणि त्या पानाचाही फोटो ठेवा. मोडीतला उतारा असेल तर लिप्यंतर जाणकाराकडून करून घ्या, त्यावर त्याचं नाव आणि सही घ्या.

जातीच्या दाखल्याच्या अर्जासोबत नक्कल जोडाल तेव्हा मूळ पानाचा फोटो, जसंच्या तसं लिप्यंतर, तुमचं वाचन आणि नोंदीपासून तुमच्यापर्यंतची वंशावळ या क्रमाने लावा. वंशावळीतल्या प्रत्येक पिढीशेजारी तिचा कागद कोणता ते लिहा: पहिल्या पिढीला नमुना १४, दुसरीला फेरफार, तिसरीला शाळेचा उतारा. ज्या पिढीशेजारी जागा रिकामी राहील तिथला कागद आधी शोधा.